त्या दोन मिनिटांचं काय झालं?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे गुडघ्याने दगा दिला, नंतर नातवाने माझ्या लॅपटॉपवर काहीतरी 'अपडेट' केलं आणि देवनागरी अक्षरंच गायब झाली. ती परवा परत आली. अमेरिकेतल्या भाच्यांनी 'मावशी, लिहीत का नाहीस' म्हणून दोनदा विचारलं. तर घ्या. आज मात्र गोड काही नाही. आज मी रागात आहे.

गेल्या रविवारी आमच्या मंडळीत एक गोष्ट घडली. म्हणजे खरं तर घडली नाही, घडायची राहिली. उपदेश संपला की आमच्याकडे दोन मिनिटं शांत बसायची पद्धत होती. फार जुनी नव्हे. बारा-तेरा वर्षांपूर्वी जे पाळकसाहेब होते त्यांनी सुरू केली. उपदेश झाला की ते व्यासपीठावरून खाली उतरायचे, पहिल्या बाकावर आपल्यासारखेच बसायचे आणि गप्प. पेटी नाही, तबला नाही, 'आपण आता प्रार्थना करू या' नाही. पहिले काही महिने लोकांना फार अवघड गेलं. खोकल्याची साथ आल्यासारखे सगळे खोकायचे. मग सवय झाली. बाहेरच्या कडुनिंबावर साळुंक्या भांडत असतात हे मला त्या दोन मिनिटांत कळलं. त्याआधी मी तीस वर्षं त्याच बाकावर बसत होते.

गेल्या रविवारी उपदेशाचं 'आमेन' हवेत असतानाच चिटणीस माईकपाशी आले आणि सूचना सुरू झाल्या. मी घड्याळ पाहिलं (मास्तरणीची खोड, जात नाही). चौदा मिनिटं. सहलीची वर्गणी, तरुण संघाचा क्रिकेटचा सामना, महिला मंडळाची पाककृती स्पर्धा, कॉटेज मीटिंगच्या घरांची नवी यादी, छताच्या दुरुस्तीचा निधी, 'बायबल क्विझ'ची जिल्हा फेरी, व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी काय टाकू नये याचे नियम. शेवटी, ज्यांनी कुठल्याच समितीत नाव दिलेलं नाही त्यांनी आज जाताना टेबलावर नाव द्यावं.

उपासना सुटल्यावर मी चिटणीसांना गाठलं. माझाच विद्यार्थी आहे, सातवीत मराठीला माझ्याकडे होता, गुणी मुलगा. म्हटलं, "अरे, आपली दोन मिनिटं कुठे गेली?" तो म्हणाला, "बाई, वेळ पुरत नाही हो. पंचांच्या मीटिंगमध्ये ठरलं. आणि तसंही त्या दोन मिनिटांत काही होत नाही."

त्या दोन मिनिटांत काही होत नाही!

हे वाक्य मी घरी घेऊन आले. सोमवारी भाजी निवडताना ते बरोबर होतं, मंगळवारी रात्री झोप लागेना तेव्हाही होतं. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही, कारण तो फक्त सगळ्यांच्या मनातलं बोलला. आमच्या मंडळीत, आणि मला वाटतं तुमच्यापैकी पुष्कळांच्या मंडळीत, 'काही होणं' याचा अर्थ आता एकच उरला आहे: कार्यक्रम होणं. ज्याचा फोटो निघतो ते झालं. ज्याचा वार्षिक अहवालात परिच्छेद होतो ते झालं. बाकीचं झालंच नाही.

हे मी बाहेरून बोलत नाही. महिला मंडळाची मी अठ्ठावीस वर्षं चिटणीस होते. अहवाल मीच लिहायची. 'या वर्षी एकूण ११७ घरांना भेटी दिल्या' हे वाक्य मी लिहिलेलं आहे, आणि लिहिताना मला छाती फुगल्यासारखी वाटलेली मला आठवते. एकशे सतरा! त्या एकशे सतरा घरांतलं कोण काय बोललं हे मात्र मला आज एकाही घराचं सांगता येणार नाही. चहा कुठे चांगला होता ते सांगता येईल. आजच्या रागातला निम्मा माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून टाकते.

आता या विषयावर कोणी तोंड उघडलं की मार्था आणि मरीया येतातच. लूकच्या दहाव्या अध्यायातली शेवटची पाच वचनं. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: येशू घरी येतो, मार्था पाहुणचाराच्या धावपळीत, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते आहे, मार्था तक्रार करते आणि येशू मरीयेची बाजू घेतो. यावरचे उपदेश मी आयुष्यात पन्नास तरी ऐकले असतील. त्यातला एक मी विसरू शकत नाही. पाळक बाहेरगावचे होते, वाणी रसाळ. मार्थेसारखं करू नका, मरीयेसारखं बसा, असं चाळीस मिनिटं सांगत होते. आणि त्या चाळीस मिनिटांत मंदिराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही अकरा बायका प्रीतिभोजनाच्या पुऱ्या तळत होतो. कर्णा शेडकडे तोंड करून लावलेला होता, त्यामुळे मार्थेला मिळालेली समज आम्हाला पुरी फुगताना नीट ऐकू येत होती. उपदेश संपल्यावर पुरुष मंडळी आली, जेवली, 'बहिणींनी फार कष्ट घेतले' म्हणून टाळ्या वाजवल्या आणि ताटं तिथेच टाकून गेली.

तेव्हा मी हसले होते. आज हसू येत नाही. बाईला स्वयंपाकघरात ठेवायचं आणि तिथून ती बाहेर आली नाही म्हणून वचन तिलाच ऐकवायचं, हा कुठला न्याय? मार्थेवर उपदेश करणाऱ्या प्रत्येकाला माझं एक सांगणं आहे: त्या दिवशी जेवण कोण करतं आहे ते आधी पाहा. येशूच्या गोष्टीत निदान बाईला बसायला जागा तरी आहे.

आणि ती जागा साधी नाही. 'पायाशी बसणे' म्हणजे त्या काळी शिष्य होणे. प्रेषितांच्या कृत्यांत पौल स्वतःविषयी सांगतो की तो गमलिएलाच्या पायाशी शिकला, तोच हा वाक्प्रचार. म्हणजे मरीया कोपऱ्यात टेकलेली नव्हती, ती वर्गात बसली होती. मी चौतीस वर्षं मुलींना शिकवलं. 'हिला घरी काम आहे, आज सोडा' म्हणून मधल्या सुट्टीत मुलींना घेऊन जाणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. मार्थेची तक्रार मला तशीच ऐकू येते. येशूने दिलेलं उत्तरही मला वर्गाच्या दाराशी उभं राहून दिल्यासारखं वाटतं: ही आज कुठेही जाणार नाही.

मार्थेवर मात्र अन्याय नको. तिच्या अवस्थेसाठी लूकने जे ग्रीक क्रियापद वापरलं आहे त्याचा मूळ अर्थ चहूबाजूंनी ओढलं जाणं. तिचा दोष काम करणं हा नव्हे, ओढाताण हा आहे. आणि ओढाताणीचं लक्षण काय, तर ती बहिणीशी बोलतच नाही. 'मरीये, जरा ये गं' एवढं म्हणाली असती तर काम भागलं असतं. ती थेट पाहुण्याकडे तक्रार नेते. (कुठल्याही समितीत काम केलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.) येशू तिचं नाव दोनदा घेतो. शास्त्रात अशी दोनदा हाक फार थोड्यांना मिळाली आहे. अब्राहाम, मोशे, शमुवेल, शौल. त्या यादीत ही बेथानीची स्वयंपाक करणारी बाई आहे, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. पुढे योहानाच्या शुभवर्तमानात भाऊ मेल्यावर येशूला सामोरी जाते ती मार्थाच, आणि तो ख्रिस्त आहे असा स्पष्ट कबुलीजबाब देते तीही मार्थाच. त्यानंतरच्या अध्यायात ती पुन्हा वाढते आहे, आणि त्या वेळी येशू तिला काहीही म्हणत नाही. वाढणं चुकीचं असतं तर तेव्हाही बोलला असता.

चौदाव्या शतकात एकहार्ट नावाचा जर्मन उपदेशक होऊन गेला. त्याने तर गोष्ट उलटीच लावली: मरीया अजून शिकते आहे, मार्था पुढे गेलेली आहे, कारण तिला आतून स्थिर राहून हाताने काम करता येतं. दोन शतकांनी स्पेनमध्ये आविलाच्या तेरेसाबाई म्हणाल्या की दोघी बहिणी मिळूनच प्रभूचा पाहुणचार होतो. मला दोन्ही पटतं. पण आमचे पंच काही एकहार्टच्या मार्थेसारखे आतून स्थिर राहून क्रिकेटचे सामने भरवत नाहीत. ते दमलेले आहेत. त्यांच्या तोंडावर दिसतं. चिटणीस माझ्याशी बोलताना तीनदा फोन पाहत होता आणि त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. चाळीस वर्षांचा मुलगा!

मंगळवारी मी पंचांपैकी दोघांना फोन केला. एकाने ऐकून घेतलं. दुसरे ज्येष्ठ आहेत, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, त्यांनी मला चांगलंच झापलं. म्हणाले, "बाई, आपले पूर्वज असे डोळे मिटून बसले असते तर शाळा, दवाखाने, वसतिगृहं कोणी काढली असती? पंडिता रमाबाई काय बसून राहिल्या? टिळक काय बसून राहिले?"

बरं झालं, नावं त्यांनीच काढली.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो बायका-मुली होत्या. त्यांचं अन्न, औषध, शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना, सगळं चालू. महाराष्ट्रात त्या काळी त्यांच्याहून जास्त कामात असलेली बाई शोधून सापडायची नाही. आणि या बाईने काय केलं? हिब्रू आणि ग्रीक भाषांशी झुंज घेतली आणि वर्षानुवर्षं एकेका शब्दापाशी थांबून सबंध बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, त्याआधी थोडेच दिवस ते काम पुरं झालं. एका शब्दापाशी थांबणं म्हणजे काय असतं हे ज्यांनी भाषांतर केलंय त्यांना विचारा. त्या खोलीत तासन् तास 'काही होत नव्हतं'. आणि आज त्या बाईंची स्तुती त्यांच्या वसतिगृहासाठी करायची नि त्या खोलीविषयी गप्प राहायचं?

टिळकांचं तर आणखी सरळ आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. पुढे नगरला (आता अहिल्यानगर, पण माझ्या जिभेला नगरच येतं) त्यांनी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, कविता केल्या, 'ज्ञानोदय'मध्ये लिहिलं. आणि १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही बसायला जागा होती. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले. वयाची पन्नाशी उलटलेल्या माणसाने पगार आणि पद का सोडावं? मी काही त्यांच्या मनात शिरू शकत नाही. पण दरबार हा शब्द पाहा. दरबारात समित्या नसतात. दरबारात हजर राहायचं असतं.

आणि पूर्वजच काढायचे तर आपल्या मराठी मातीतले सगळेच काढू या. नवविधा भक्तीत पहिलं नाव श्रवणाचं. रामदासांनी दासबोधाचा चौथा दशक नवविधा भक्तीवर रचला, त्याचा पहिलाच समास श्रवणाचा. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे दुसरं काही मागितलं नाही, अवधान मागितलं. आपल्या नगर भागातल्या ख्रिस्ती लोकांनी कीर्तन उचललं ते काय उगाच? माझी आजी निरक्षर होती. कीर्तनकाराकडून ऐकलेलं अर्धं शुभवर्तमान तिला पाठ होतं. तिने बायबल क्विझमध्ये कधी भाग घेतला नाही.

ज्येष्ठांनी फोन ठेवता ठेवता शेवटचा बाण मारला: "हे सगळं रिकामपणाचं बोलणं आहे, बाई." मला निर्गमचा पाचवा अध्याय आठवला. मोशे फारोकडे जातो आणि रानात जाऊन देवाची उपासना करायला सुट्टी मागतो. फारोचं उत्तर काय? हे लोक आळशी झालेत, म्हणून यांना उपासना सुचते. यांचं काम वाढवा. पेंढा देऊ नका, विटा मात्र तितक्याच मोजून घ्या. उपासनेसाठी थांबायला मागणाऱ्याला रिकामटेकडा म्हणणारा शास्त्रातला पहिला माणूस फारो होता. मी हे फोनवर बोलले नाही, मोठ्यांचा मान राखला. इथे बोलते आहे. ते हा ब्लॉग वाचतात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. घरच्यांपैकी काहींना माहीत आहे, सगळं कोणालाच माहीत नाही.

२०१६ साली ह्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं की समजतं सगळं, शब्द बाहेर येत नाहीत. चाळीस वर्षं गणित शिकवणारा, वर्ग दणाणून सोडणारा माणूस 'पाणी' म्हणायला घाम गाळायचा. आणि मी काय करायची? त्यांची वाक्यं पुरी करायची. 'प' ऐकलं की पाणी, पेपर, पंखा, पांघरूण, भराभर म्हणून टाकायची, ते मान हलवतील तिथे थांबायची. मला वाटायचं मी त्यांना मदत करते आहे. मला स्वयंपाक होता, औषधं होती, फिजिओथेरपीवाला मुलगा दहाला यायचा, महिला मंडळाचा हिशेब होता. वेळ कुठे होता?

एका शनिवारी मंडळीतून भेटीला सात जण आले. रीतसर. पाहुणे बसले, एकाने शास्त्रपाठ वाचला, दोन गीतं झाली. त्या दोन गीतांच्या मधे ह्यांनी डावा हात उचलला आणि म्हणायला लागले, "म… म…" सगळ्यांनी पाहिलं. एक पंच अतिशय प्रेमाने पुढे झाले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हो हो गुरुजी, मंडळी तुमची फार आठवण काढते." सगळे हसले. दुसरं गीत सुरू झालं. मग प्रार्थना, चहा, फोटो. पंचवीस मिनिटांत सगळे गेले. ११७ घरांपैकी एक घर.

त्या लोकांना मी दोष देत नाही. चांगली माणसं होती, आडवेळी धावून येणारी. आणि पंचांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, एकशे सतरा वेळा केलंच होतं. पण लोक गेल्यावर ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी नेहमीप्रमाणे सुरू झाले, मीठ? मफलर? मच्छरदाणी? त्यांनी डोळे मिटून घेतले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यापुढे असे डोळे मिटले नव्हते.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा गप्प बसले. शहाणपणाने नव्हे, शब्द संपले म्हणून. गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले. किती वेळ गेला सांगता येत नाही, दिवेलागण झाली होती आणि मी दिवा लावला नाही. मग ते वळले आणि म्हणाले, "म्हैस."

म्हैस! मी काही बोलले नाही. मला बोलायला सुचलंच नाही, आणि ती देवाची कृपाच. पुढची गोष्ट यायला तीन संध्याकाळी लागल्या. एकेका शब्दाला पाच पाच मिनिटं. त्यांच्या लहानपणी घरी एक म्हैस होती. ह्यांना ट्रेनिंग कॉलेजला जायचं होतं, पैसे नव्हते. आईने म्हैस विकली. ज्या दिवशी ती विकली त्या दिवशी हे शेतात लपून बसले, आईला तोंड दाखवलं नाही. आणि पुढे पगार सुरू झाला तेव्हा आईला म्हैस घेऊन द्यायची राहून गेली. आधी बहिणीचं लग्न, मग आमचं लग्न, मग मुलं. मग आई गेली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. त्यांनी सांगितली नव्हती की मला ऐकायला वेळ नव्हता, कोण जाणे. तिसऱ्या संध्याकाळी शेवटचे दोन शब्द आले. "मुलगा. फी." आमच्याकडे दूध घालणाऱ्या बाईच्या मुलाचं बारावी झालं होतं आणि पुढची फी अडली होती. हे त्यांनी खाटेवर पडल्या पडल्या दारातल्या बोलण्यातून ऐकलं होतं. मी त्याच दारात उभी राहून त्या बाईशी रोज बोलत होते, आणि मी ऐकलं नव्हतं.

फी भरली. तो मुलगा आता नोकरीला आहे. हे २०१८ मध्ये गेले.

शनिवारी 'म' पाशी सगळे दोन मिनिटं थांबले असते तर म्हैस आली असती असं मी म्हणत नाही. तिला तीन दिवस लागले. पण थांबायचं असतं हे तरी आम्हाला माहीत असतं.

इयोबाचे तीन मित्र आठवतात ना? त्यांची आपण नेहमी निंदा करतो. पण आल्यावर ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कोणी एक शब्द बोललं नाही. तेवढं मात्र त्यांचं बरोबर होतं. बिघडलं ते आठव्या दिवशी, बोलायला लागले तेव्हा. आपण भेटीला जातो ते थेट आठव्या दिवसापासून सुरुवात करतो.

बोनहॉफर नावाच्या जर्मन पाळकाचं एक छोटं पुस्तक आहे, १९३९ साली निघालेलं. हिटलरच्या काळात त्यांनी पाळकांसाठी एक पाठशाळा चालवली, ती गेस्टापोने १९३७ मध्ये बंद पाडली, आणि तिथल्या एकत्र राहण्याच्या अनुभवावर ते पुस्तक आहे. १९४५ च्या एप्रिलमध्ये त्यांना फासावर दिलं. म्हणजे हा काही हात बांधून बसलेला माणूस नव्हता. त्यांचं म्हणणं असं की मंडळीत एकाने दुसऱ्याची करायची पहिली सेवा म्हणजे त्याचं ऐकणं. जो आपल्या भावाचं ऐकू शकत नाही तो लवकरच देवाचंही ऐकेनासा होतो. ख्रिस्ती माणसांना, त्यातही उपदेश करणाऱ्यांना, सतत वाटतं की आपण काहीतरी 'द्यायला' हवं, आणि त्या नादात ते ऐकायचं विसरतात. हे वाचून मला माझी भेटींची वही आठवली.

कोणी म्हणेल, बाई, तुम्ही माणसांचं ऐकण्याविषयी बोलता आहात, दोन मिनिटांच्या शांततेत माणसं कुठे बोलतात? खरं आहे. पण कान एकच असतो. देवासाठी वेगळा आणि गवळणीसाठी वेगळा कान मला तरी मिळालेला नाही. शमुवेलाची गोष्ट शब्बाथशाळेत मी कितीतरी वेळा सांगितली. देव हाक मारतो, पोर उठतं आणि एलीकडे पळतं. पुन्हा हाक, पुन्हा पळतं. तीनदा. किती आज्ञाधारक मुलगा, असं मी पोरांना सांगायची! आता वाटतं, तीन हाका पळण्यात गेल्या. चौथ्या हाकेला तो जागचा हलला नाही आणि ऐकू आलं. होरेब डोंगरावर एलीयाचंही तेच. वारा आला, भूकंप आला, अग्नी आला, आणि देव त्यात नव्हता. मग जे आलं त्यासाठी मूळ हिब्रूतले शब्द असे आहेत की त्यांचा अर्थ जवळजवळ 'बारीक शांततेचा आवाज' असा होतो. सूचना चालू असत्या तर एलीयाला काही कळलं असतं?

बुधवारी मी पंचांना अर्ज लिहिला. हाताने लिहिला, फुलस्केपवर, समास सोडून. तीन गोष्टी मागितल्या आहेत. उपदेशानंतरची दोन मिनिटं परत द्या आणि सूचना छापून दाराशी लावा, ज्याला वाचायच्या तो वाचेल. महिन्यातल्या एका रविवारी उपासनेनंतर काहीही ठेवू नका, सभा नाही, सराव नाही, लोकांना घरी जाऊन झोपू द्या. आणि आजारी माणसाच्या भेटीला सात जण नकोत, दोघे पुरेत, आणि त्यांनी वही नेऊ नये. प्रीतिभोजनाविषयीही लिहिलं आहे: एकच पदार्थ, खिचडी, आणि भांडी पुरुषांनी घासायची. लूकच्या काही जुन्या हस्तलिखितांत येशू मार्थेला 'थोड्याच गोष्टींची किंवा एकाच गोष्टीची' गरज आहे असं सांगतो, असा पाठभेद आहे. त्यावर मी खिचडी बसवली आहे. विद्वानांनी रागावू नये.

पुढच्या रविवारी पंचांची मीटिंग आहे. चिटणीसाने अर्ज घेतला, वाचला आणि म्हणाला, "बाई, हे अजेंड्यावर शेवटी येईल." म्हटलं, येऊ दे, मी बसते. मला वेळ आहे.

काय ठरतं ते कळवीनच. प्रतिक्रिया जरूर लिहा, भांडायचं असेल तर तेही लिहा. भाच्यांनो, फोन करायचा तर आमच्या सकाळी अकरा ते बारा करू नका. त्या वेळात मी खालच्या मजल्यावरच्या आजींकडे असते. त्यांना ऐकू येत नाही, पण बोलायला आवडतं.